पेहरावाची पारख (भाग 6) : पाऊल आधी, पादत्राण नंतर

मागच्या भागात आपण सोलापूरच्या उन्हाळ्यात अंगाला मानवणाऱ्या सुती कापडाची पारख केली. आता पायांकडे वळू. सोलापुरात मे महिन्यात पारा 43 अंशांच्या आसपास पोहोचतो आणि डांबरी रस्ता हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. पाऊस सुरू झाला की काळी माती तळाला थरावर थर चिकटते. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावरच्या गड्डा जत्रेत तासन्‌तास धुळीतून फिरणं होतं आणि पाठोपाठ लग्नसराई येते. या सगळ्याला एकच जोड पुरवायला गेलं की जोडही जातो आणि पायही दुखावतो. म्हणून क्रम पक्का ठेवायचा: आधी पाऊल, मग प्रसंग, मग देखणेपण. हा क्रम सांभाळला तर कपाटात दहा जोड लागत नाहीत. नीट निवडलेले तीन-चार पुरतात आणि तेच अधिक शोभतात.

माप कसं घ्यावं?

मानवी पावलात 26 हाडं असतात आणि चालताना शरीराचा सगळा भार त्यांच्यावर आळीपाळीने येतो. दिवसभराच्या उभं राहण्याने पाऊल संध्याकाळपर्यंत थोडं सुजतं. त्यामुळे सकाळी घट्ट न वाटलेला जोड रात्री चावतो. खरेदीला संध्याकाळी जावं. त्याआधी घरी कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा पेन्सिलीने काढावी. दोन्ही पावलं सहसा तंतोतंत सारखी नसतात, म्हणून मोठ्या पावलाचं माप धरावं. बुटात सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर मोकळी जागा हवी. अनेकांचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं, हेही लक्षात ठेवावं.

आपल्या दुकानांत जो नंबर चालतो तो ब्रिटिश पद्धतीचा. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. हा नंबर लांबी सांगतो, पंजाच्या रुंदीबद्दल मात्र काहीच सांगत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मोजणी केली. भारतीय पाऊल पंजाशी अधिक रुंद असतं, हे त्यातून स्पष्ट झालं आणि आपल्यासाठी ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. रुंदी पुरत नाही म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो. मग टाच मागे सरकते, पाऊल आत हलतं आणि फोड येतात. दुकानात चालून पाहताना पंजाच्या दोन्ही कडा तळाच्या आत राहतात ना, हे आधी पाहावं.

निमुळत्या टोकाच्या सँडलचा त्रास स्त्रियांना विशेष होतो. वर्षानुवर्षं बोटं एकमेकांवर दाबली गेली की अंगठा आतल्या बाजूला वळतो आणि त्याच्या मुळाशी हाड पुढे आल्यासारखं दिसू लागतं. सुरुवातीलाच रुंद पंजाचं पादत्राण वापरलं तर हा त्रास वाढत नाही.

आपल्या मातीतली चप्पल

आरामशीर आणि देखणी, स्त्री-पुरुष दोघांनाही शोभणारी आणि उन्हाळ्यात पायाला मानवणारी अशी एकच वस्तू सांगायची झाली तर ती कोल्हापुरी चप्पल. तिच्यावर सोलापूरचाही हक्क आहे. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना मिळून. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे पलीकडचे चार जिल्हे आहेत. या आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांचा हा सामाईक वारसा आहे.

त्याची मुळं बाराव्या शतकापर्यंत सांगितली जातात. बसवेश्वरांच्या कारकिर्दीचा सुरुवातीचा काळ आपल्याच मंगळवेढ्यात गेला. त्यांच्या शरण परंपरेत हरळय्या या चर्मकार भक्ताची कथा आहे. बसवेश्वरांनी केलेल्या नमस्काराची उतराई म्हणून हरळय्या आणि कल्याणम्मा या दांपत्याने स्वतःच्या मांडीचं कातडं काढून त्यांच्यासाठी जोडे केले, असं ती कथा सांगते. ज्या समाजाने चर्मकाराला वेशीबाहेर ठेवलं, त्याच समाजातल्या एका थोर परंपरेने त्याच्या हातच्या जोड्यांना पूजनीय मानलं. चप्पल विकत घेताना हे आपल्याला आठवायला हवं.

अस्सल जोड ओळखायचा कसा? पारंपरिक पद्धतीत म्हशीचं कातडं चुन्याच्या पाण्यात घालून केस काढतात आणि मग बाभळीची साल व हिरडा यांनी ते कमावतात. तळासाठी जाड थर आणि वेण्यांसाठी मऊ, बहुधा शेळीचं कातडं लागतं. थर एकमेकांना शिवतात ते चामड्याच्याच वादीने. जुन्या पद्धतीच्या चपलेत खिळा नसतो. रापीने कापणं, आरीने टोचणं, वादी ओढणं ही सगळी कामं हाताची. पट्ट्यावरच्या वेण्या आणि नक्षी यांत घरातल्या स्त्रियांचा वाटा मोठा असतो. म्हणून चप्पल उलटी करून पाहावी. कडेला थर आणि वादीचे टाके दिसले, वास चामड्याचा आला, रंग थोडा असमान असला तर ती हाताची. तळ रबरासारखा एकसंध आणि वरचा भाग प्लॅस्टिकसारखा चकचकीत असेल तर ती नक्कल.

नवी कोल्हापुरी चावते, ही तक्रार खरी आहे. झाडाच्या सालीने कमावलेलं कातडं सुरुवातीला कडक असतं. पण घाम आणि ऊब मिळाली की ते त्या माणसाच्या पावलाचा आकार घेतं आणि मग वर्षानुवर्षं तो सोडत नाही. पहिला आठवडा ती घरातच रोज थोडा वेळ घालावी. अंगठा आणि पट्टा यांना आतून खोबरेल तेलाचा हलका हात द्यावा. पाण्यात भिजवू नये, कारण ओलाव्याने थर सुटतात. एक सावधगिरीही सांगायला हवी. हिचा तळ सपाट असतो. ज्यांची टाच सकाळी उठल्याबरोबर ठणकते त्यांनी ती दिवसभर वापरू नये, मऊ तळाचं पादत्राण घ्यावं.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन सप्ताहात प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या संग्रहात हुबेहूब अशीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर कंपनीने ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करार केला. जगाने दखल घेतली, हे चांगलंच झालं. पण ही दखल आपण शेजारच्या कारागिराकडे आधीच घ्यायला हवी होती.

लग्नकार्य

मांडवात पादत्राण पुन्हा पुन्हा काढावं लागतं, म्हणून बंदांचा बूट तिथे त्रासाचाच. कुर्ता, धोतर किंवा जोधपुरीवर पुरुषांनी कोल्हापुरी किंवा मोजडी घालावी. पारंपरिक मोजडीत डावा-उजवा असा भेद नसतो. वापरता वापरता ती पायाचं वळण घेते. म्हणून नवरदेवाने ती लग्नाच्या सकाळी पहिल्यांदा घालू नये, दोन आठवडे आधीपासून घरात वापरावी.

नऊवारी किंवा इरकलीवर वेणीची कोल्हापुरी शोभते आणि चालीला मोकळेपणा देते. पैठणीवर उंची हवीच असेल तर रुंद टाच किंवा सलग उंच तळ निवडावा. टाच जितकी उंच तितका भार पंजावर सरकतो. स्वागत समारंभात दोन-तीन तास उभं राहायचं असेल तर तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये. साडीच्या निऱ्या मोजायच्या त्या हेच पादत्राण घालून, म्हणजे काठ लोळत नाही.

कचेरी आणि कारखाना

कचेरीसाठी पुरुषांचा एक काळा किंवा तपकिरी चामडी बूट पुरतो. पट्टा त्याच रंगाचा असावा. मोजे सुती असावेत आणि रोज बदलावेत. तोच बूट सलग सहा दिवस घालू नये. आत मुरलेला घाम वाळायला एक दिवसाची उसंत लागते, म्हणून शक्य असेल तर दोन जोड आळीपाळीने वापरावेत. दोन्ही जास्त टिकतात. स्त्रियांसाठी मागे पट्टा असलेली, पंजाशी रुंद, बुटक्या टाचेची सँडल उत्तम. दुचाकी चालवताना ती पायातून निसटत नाही.

यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात पाळीभर सिमेंटच्या फरशीवर उभं राहणाऱ्यांचा विचार पादत्राणांच्या जाहिरातींत कधी होत नाही. खरं तर सर्वांत चांगला जोड त्यांना हवा. पुढून बंद, न घसरणारा, जाड आणि लवचीक तळाचा बूट त्यांच्या गुडघ्यांना आणि कमरेला आधार देतो. झिजलेली स्लीपर पाळीभर घालण्यात वाचलेले पैसे पुढे औषधात जातात.

वारी, तुळजापूर आणि पाऊस

आळंदीहून पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. पालख्या आपल्या जिल्ह्यात शिरतात त्या पावसाच्या दिवसांतच. या वाटेवर नवा जोड कधीही नेऊ नये. घर्षण आणि ओलावा एकत्र आले की फोड येतो. आधी महिनाभर वापरलेली, मागे पट्टा असलेली रबरी सँडल किंवा चालण्याचा बूट न्यावा. मुक्कामी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. ओल राहिली की तिथे बुरशी धरते.

कोजागरीला सोलापुरातून हजारो भाविक सुमारे 45 किलोमीटर चालत तुळजापूरला जातात, अनेक जण अनवाणी. ती श्रद्धा आहे आणि तिचा मान आहे. मात्र मधुमेह असलेल्यांना हात जोडून विनंती की अनवाणी चालू नका. तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते. खडा टोचलेला किंवा चटका बसलेला कळत नाही आणि छोटी जखम पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. अशा पायांसाठी मऊ एमसीआर रबराच्या चपला मिळतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच वापराव्यात आणि रोज रात्री तळवे पाहावेत. ज्यांना स्वतःचे तळवे दिसत नाहीत, त्यांचे घरच्या माणसाने पाहावेत.

पावसाळ्यात चामडं कपाटात ठेवावं. चप्पल भिजलीच तर कागद कोंबून सावलीत वाळवावी. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली तर कातडं तडकतं. पूर्ण वाळल्यावर तेलाचा हात द्यावा.

दुरुस्ती हीही खरेदीच

टाच एका बाजूने झिजली की पाय तिरपा पडू लागतो. तेव्हाच नाक्यावरच्या चर्मकाराकडून टाच बदलून घ्यावी, शिवण सुटली तर लगेच टाका घालून घ्यावा. वेळेवर केलेली छोटी दुरुस्ती जोडाचं आयुष्य कितीतरी वाढवते. तिथे दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. मोठ्या दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर आपण कधी वाद घालत नाही.

म्हणून वाचकहो, यंदाच्या दिवाळीत सवलतीत मिळाले म्हणून तीन जोड घेण्याऐवजी आपल्या जिल्ह्यातल्या कारागिराच्या हातचा एक जोड घ्या. संध्याकाळी जा, दोन्ही पायांत घालून चाला, वादीचे टाके पाहा, करणाऱ्याचं नाव विचारा आणि त्याने सांगितलेली रास्त किंमत द्या. पुढच्या भागात इरकल साडीची पारख.