चौऱ्याऐंशी दिवसांचा हिशेब

कोविडवरील कोविशील्ड लसीच्या दोन मात्रांमध्ये किती दिवसांचे अंतर असावे, या एकाच प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे भारतातील नागरिकांना २०२१ च्या पहिल्या पाच महिन्यांत ऐकावी लागली. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झाले तेव्हा दुसरी मात्रा २८ दिवसांनी घ्यायची होती. २२ मार्चला केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून हे अंतर सहा ते आठ आठवड्यांवर नेले. आणि १३ मे रोजी ते बारा ते सोळा आठवडे झाले. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस, आणि लसीकरणाच्या नोंदणीच्या कोविन प्रणालीने हाच आकडा धरून ठेवल्यामुळे मिरज शहरापासून खेड्यातल्या उपकेंद्रापर्यंत सर्वत्र ‘चौऱ्याऐंशी दिवस भरले का?’ ही लसीकरणाच्या दारातली पहिली विचारणा ठरली. कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लसीचे अंतर मात्र चार ते सहा आठवडेच राहिले. साहजिकच अंतर वाढवण्यामागे शास्त्र आहे की लस पुरत नाही म्हणून वेळ मारून नेली जात आहे, अशी शंका लोकांच्या मनात आली. ती गैरवाजवी नव्हती, पण या दोन कारणांपैकी एकच खरे असले पाहिजे, हे त्यामागचे गृहीत तपासून घेण्यासारखे आहे.

लस टोचल्यावर शरीरात काय घडते हे पाहिल्याशिवाय अंतराचा प्रश्न उलगडत नाही. पहिल्या मात्रेतून शरीराला विषाणूच्या एका प्रथिनाची ओळख होते, आणि ती ओळख पटलेल्या बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडे (विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारे रेणू) तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, काखेतील लसिकाग्रंथींमध्ये गोळा होतात. तेथे त्यांची जी तात्पुरती वस्ती उभी राहते तिला अंकुरकेंद्र म्हणता येईल, आणि तिचे काम तालमीसारखे चालते: पेशी विभागत राहतात, विभागताना त्यांच्या प्रतिपिंडांच्या घडणीत बारीक फरक पडत जातात, ज्यांची पकड अधिक घट्ट बसते त्या टिकतात आणि बाकीच्या गळतात. ही निवड कित्येक आठवडे चालते आणि तिच्यातून तयार झालेल्या स्मृतिपेशी पुढच्या गाठीसाठी राखून ठेवल्या जातात. दुसरी मात्रा फार लवकर दिली तर ही निवड अर्धवट असतानाच शरीराला पुन्हा कामाला जुंपल्यासारखे होते. याच कारणाने बालकांच्या पेंटाव्हॅलंट लसीच्या मात्रा सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला देतात आणि दोन मात्रांत किमान चार आठवडे सोडतात. प्रौढांना हिपॅटायटिस बी लसीची तिसरी मात्रा तर पहिलीनंतर सहा महिन्यांनी मिळते.

कोविशील्डच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. ही लस चिंपांझीच्या एका निरुपद्रवी केलेल्या सर्दीच्या विषाणूवर स्वार होऊन पेशीत शिरते, आणि शरीर या वाहक विषाणूविरुद्धही प्रतिपिंडे तयार करते. ती ताजी असतानाच दुसरी मात्रा दिली तर वाहकच अडवला जाऊन लसीचा काही भाग फुकट जाण्याची शक्यता असते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटन, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका येथील चाचण्यांची जी एकत्रित आकडेवारी २०२१ च्या आरंभी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली, तीत दोन मात्रांतील अंतर सहा आठवड्यांपेक्षा कमी असताना लसीची परिणामकारकता ५५.१ टक्के, तर बारा आठवडे किंवा अधिक असताना ८१.३ टक्के आढळली. परिणामकारकता म्हणजे लस न घेतलेल्यांच्या तुलनेत लस घेतलेल्यांमध्ये आजार किती टक्क्यांनी घटला, ते प्रमाण. फरक डोळ्यांत भरणारा आहे, परंतु या चाचण्यांत कोणाला किती अंतराने मात्रा द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, आणि सोळा आठवडे ही वरची मर्यादा कोणत्या पुराव्यावर टेकली आहे, हे या आकड्यांतून स्पष्ट होत नव्हते. लसीकरणाबाबत केंद्राला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटातील काही शास्त्रज्ञांनी जूनमध्ये जाहीरपणे हेच म्हटले: आठ ते बारा आठवड्यांना आधार आहे, त्यापलीकडे नाही. त्यात राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे माजी संचालक डॉ. मो. द. गुप्ते होते. निर्णय एकमताने झाल्याचे गटाच्या कोविड कार्यगटाचे अध्यक्ष डॉ. एन. के. अरोरा यांनी सांगितले, पण तोवर लोकांच्या शंकेला खतपाणी मिळून गेले होते.

तुटवडा तर उघड होता. लस पुण्यात तयार होत होती आणि सांगली-साताऱ्याच्या केंद्रांवर ‘आज लस उपलब्ध नाही’ असे फलक लागत होते. महाराष्ट्र सरकारने मेच्या दुसऱ्या आठवड्यात १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबवून त्यांच्यासाठी घेतलेल्या मात्रा ४५ वर्षांवरील नागरिकांच्या दुसऱ्या मात्रेकडे वळवल्या, त्यानंतर दोन-तीन दिवसांतच केंद्राने अंतर वाढवले. परंतु तुटवडा हा लबाडीचा पुरावा मानण्याची गरज नाही. उलट अंतराचा खरा प्रश्न तुटवड्यामुळेच निर्माण होतो. लस मुबलक असेल तर प्रत्येकाला त्याच्या शरीराला मानवेल त्या दिवशी मात्रा देता येते. ती अपुरी असेल तेव्हाच पन्नास जणांना पूर्ण संरक्षण द्यावे की शंभर जणांना अर्धे, हे ठरवावे लागते.

हा हिशेब ब्रिटनमध्ये नंतर हाती आलेल्या आकड्यांवर मांडून पाहता येतो. तेथे एका मात्रेने अल्फा प्रकारच्या विषाणूपासून, लक्षणे दिसण्याइतका आजार होण्याविरुद्ध, सुमारे ४९ टक्के संरक्षण मिळाल्याचे आणि कोविशील्डचेच ब्रिटिश रूप असलेल्या लसीच्या दोन मात्रांनी सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. शंभर मात्रा शंभर जणांना दिल्या तर ४९ जणांइतके संरक्षण पदरात पडते, पन्नास जणांना दोन-दोन दिल्या तर साडेसदतीस जणांइतके. अंतर वाढवणे निःसंशय फायद्याचे ठरते. डेल्टा प्रकार आल्यावर हेच आकडे ३१ आणि ६७ टक्के झाले, आणि तोच हिशेब ३१ विरुद्ध साडेतेहतीस असा जवळजवळ बरोबरीत येऊन थांबला. डेल्टा हा प्रकार महाराष्ट्रातील दुसऱ्या लाटेत पसरत असतानाच भारतात अंतर वाढवले गेले, आणि बरोबर दुसऱ्या दिवशी, १४ मे रोजी, याच विषाणूच्या धास्तीने ब्रिटनने पन्नाशीपुढील नागरिकांसाठी बारा आठवड्यांचे अंतर आठ आठवड्यांवर आणले.

येथेच हिशेब संपवला तर मात्र तो अर्धवट राहील, कारण लक्षणे दिसणे वेगळे आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागणे वेगळे. जून २०२१ मधील ब्रिटिश आकडेवारीनुसार डेल्टामुळे रुग्णालयात जाण्याची वेळ येऊ नये यासाठी या लसीच्या एका मात्रेने ७१ टक्के आणि दोन मात्रांनी ९२ टक्के संरक्षण मिळत होते. शंभर मात्रांच्या हिशेबात हे ७१ विरुद्ध ४६ होते, म्हणजे तराजू पुन्हा अंतर वाढवण्याच्या बाजूने झुकतो.

वैद्यकीय पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिरजेसारख्या शहराला हा दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा होता. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे रुग्णालय उभारले तेव्हापासून सांगली जिल्ह्याबरोबरच शिरोळ, चिकोडी, अथणी अशा महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतल्या तालुक्यांतून रुग्ण मिरजेला येत आले आहेत, आणि १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर हा ओघ वाढलाच. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरच्या एका कुटुंबातून जिल्ह्यातील पहिली साखळी सुरू झाली तेव्हा त्या रुग्णांना मिरजेतच आणले गेले. अशा ठिकाणी घरी बसून बरा होणारा ताप किती जणांना आला यापेक्षा ऑक्सिजनची खाट किती जणांना लागली, यावर यंत्रणा टिकते की कोलमडते हे ठरते. त्यामुळे मेच्या मध्यावर, खाटा भरलेल्या असताना, जास्तीत जास्त लोकांना पहिली मात्रा देण्याचा निर्णय या भागाच्या हिताचाच होता, असे म्हणावे लागते.

चुकले ते पुढे. राज्याच्या बहुतेक भागात लाट ओसरली तरी सांगली, सातारा आणि कोल्हापुरात ती जून-जुलैमध्येही रेंगाळली. ऑगस्टच्या आरंभी राज्य सरकारने निर्बंध सैल केले तेव्हा ते कायम राहिलेल्या ११ जिल्ह्यांत हे तिन्ही जिल्हे होते. शंभराचा हिशेब सर्वांचा धोका सारखा धरतो, आणि प्रत्यक्षात सत्तरीतील मधुमेही माणसाचा धोका विशीतल्या तरुणाच्या कित्येक पट असतो. पुरवठा सुधारू लागल्यावर निदान साठीपुढील नागरिकांना आठ आठवड्यांनी दुसरी मात्रा देणे या पट्ट्यात शहाणपणाचे ठरले असते. नियमाला अपवाद करताच येत नव्हता असेही नाही. शिक्षण, नोकरी किंवा टोकियो ऑलिम्पिकसाठी परदेशी जाणाऱ्यांना ७ जूनच्या आदेशाने २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची मुभा मिळाली होती. पासपोर्ट असलेल्याला जे चालते ते दम्याच्या आजीला का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर शास्त्रात सापडत नाही. हाच मुद्दा केरळ उच्च न्यायालयातही आला. पैसे मोजून लस घेणाऱ्यांना चार आठवड्यांनी दुसरी मात्रा मिळावी असा निकाल एकल पीठाने सप्टेंबरमध्ये दिला आणि पुढे खंडपीठाने तो रद्द केला. केंद्राच्या सल्लागार गटाने अंतर आठ ते सोळा आठवडे करण्याची शिफारस केली ती मार्च २०२२ मध्ये, ओमायक्रॉनची लाट येऊन गेल्यावर.

कागदावरचे अंतर आणि प्रत्यक्षातले अंतर यांत आणखी एक फट असते. १ मे रोजी पहिली मात्रा घेतलेल्याचे ८४ दिवस २४ जुलैला भरत होते, आणि त्या दिवशी कृष्णाकाठची गावे पुराच्या पाण्यात होती. अंतर जितके लांब, तितके मध्ये काहीतरी घडण्याची, माणूस विसरण्याची किंवा ‘एक घेतली ना, पुरे’ म्हणण्याची शक्यता वाढते. नोव्हेंबरमध्ये ‘हर घर दस्तक’ मोहीम काढावी लागली तेव्हा मुदत उलटूनही दुसरी मात्रा न घेतलेल्यांची संख्या देशात दहा कोटींच्या वर गेली होती. सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर बीडकडून येणाऱ्या ऊसतोड मजुरांचे उदाहरण घेतले तर गावी पावसाळ्याच्या उत्तरार्धात पहिली मात्रा घेतलेल्या जोडप्याची दुसरी मात्रा ऐन गळीत हंगामात येते, जेव्हा ते पहाटे फडात असतात आणि लसीकरणाचे सत्र दुपारी आटोपते. कोविनवर कोणत्याही जिल्ह्यात मात्रा घेण्याची सोय होती, पण त्यासाठी नोंदवलेला मोबाइल क्रमांक चालू असावा लागे आणि मुकादमाने अर्धा दिवस सोडावे लागे. अशा मजुराने दुसरी मात्रा सहा महिन्यांनी घेतली तरी पहिली वाया जात नाही आणि मालिका नव्याने सुरू करावी लागत नाही, कारण लसीकरणात किमान अंतर काटेकोरपणे पाळायचे असते आणि कमाल अंतर उलटून गेले तरी स्मृतिपेशी मागे राहिलेल्या असतात. मधल्या काळात तो अर्ध्याच संरक्षणावर वावरतो, एवढेच.