फसवा 'इन्'

पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लॅमेबल' असे ठळक अक्षरांत लिहिलेले आपण पाहतो. वर्गात विचारून पाहा : 'फ्लॅमेबल' म्हणजे पेट घेणारे, तर 'इन्फ्लॅमेबल' म्हणजे काय? 'पेट न घेणारे', असे उत्तर येण्याचा संभव बराच आहे. हे उत्तर चूक तर आहेच, पण प्रयोगशाळेत धोक्याचेही आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : सहज पेट घेणारे, ज्वालाग्राही.

घोटाळा होतो तो 'इन्' या उपसर्गामुळे. 'इनकरेक्ट', 'इन्व्हिजिबल' यांतील लॅटिन 'इन्' नकारार्थी आहे. पण लॅटिनमध्ये 'आत' या अर्थाचा दुसराही 'इन्' आहे. तो 'इंजेक्शन', 'इन्हेल' या शब्दांत भेटतो. 'इन्फ्लॅमेबल'मधला 'इन्' हा दुसरा. मूळ क्रियापद 'इन्फ्लामारे', म्हणजे पेटवणे. शरीरातील दाहाला डॉक्टर 'इन्फ्लमेशन' म्हणतात, तोही याच कुळातला शब्द. आपल्याकडेही असे घडतेच. 'विसंगत' म्हणजे संगती नसलेले. पण 'विशुद्ध' म्हणजे अशुद्ध नव्हे, विशेष शुद्ध!

या दोहोंत 'इन्फ्लॅमेबल' जुना, 'फ्लॅमेबल' नवा. गैरसमज जिवावर बेतू नये म्हणून अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकातच 'फ्लॅमेबल' वापरण्याचा आग्रह धरला. पेट न घेणाऱ्या पदार्थासाठी 'नॉन-फ्लॅमेबल' हा शब्द आहे.

तिसरा शब्द 'कम्बस्टिबल', म्हणजे जळू शकणारे. लाकडाचा ओंडका जळतो, पण काडी लावताच भडकत नाही. द्रवांच्या बाबतीत हा फरक तापमानावरून ठरवतात. ज्या किमान तापमानाला द्रवावरील वाफ ठिणगी लागताच क्षणभर भडकते, त्याला 'फ्लॅश पॉइंट' म्हणतात. अ‍ॅसिटोनचा फ्लॅश पॉइंट सुमारे उणे २०° से., शुद्ध इथेनॉलचा सुमारे १३° से., तर रॉकेलचा ३५° से.हून अधिक असतो. म्हणजे २५° से. तापमानाच्या खोलीत स्पिरिटची उघडी बाटली ज्योतीजवळ नेली, तर तिच्या तोंडाशी जमलेली वाफ लगेच पेट घेऊ शकते. जळत्या दिव्यात स्पिरिट ओतू नये, असे आपण विद्यार्थ्यांना बजावतो ते याचसाठी.

आपल्या शाळेतील बाटल्यांवरची लेबले एकदा विद्यार्थ्यांकडूनच वाचून घ्यावीत. जिथे 'इन्फ्लॅमेबल' असेल, तिथे त्याखाली लाल शाईने 'ज्वालाग्राही' असे लिहावे.