थप्पीवरची पाटी

व्यवस्थापनशास्त्र मोठ्या कंपन्यांनी पाहावे, पेढीवाल्यास त्याचे काय, असे आम्हीही पुष्कळ वर्षे समजत होतो. २००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी व त्यांचे सहकारी यांनी मुंबईच्या उत्तरेस तारापूर व उंबरगाव येथील कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांत आरंभिलेल्या प्रयोगाची हकीकत वाचल्यावर मात्र आमचा तो समज डळमळला.

या कंपन्या आपल्यासारख्याच घरच्या. वडील गल्ल्यावर, मुलगे-पुतणे कारखान्यावर. सुताचे ढीग पडलेले, पण कोणते सूत किती, याची नोंद नाही. प्रयोगकर्त्यांनी ११ कंपन्यांस पाच महिने विनामूल्य सल्लागार दिले. उरलेल्या सहांस केवळ पाहणीपुरते. शिकविले ते काय? कापडातील दोष रोज लिहावा, सुताची मोजदाद ठेवावी, यंत्राची वेळेवर देखभाल करावी. अशा एकूण ३८ साध्या गोष्टी. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

मग या मंडळींनी हे आधीच का केले नाही? कित्येकांस त्या गोष्टी ठाऊकच नव्हत्या. ज्यांस ठाऊक होत्या त्यांना वाटे, आपला माल शेजाऱ्याइतका चांगला आहे, आणखी काय हवे? आणि चांगला चालणारा कारखाना इतरांस मागे टाकून वाढत का नाही, तर परक्या माणसावर कारभार सोपविण्याचा विश्वास नाही. घरात कर्ते पुरुष जितके, तितकाच धंद्याचा पसारा. हे वाक्य वाचताना आम्हांस आमच्या तीन भावांची आठवण झाली, हे कबूल करतो.

आमच्या वखारीत एकदा मागच्या थप्पीतील हरभऱ्याची ४० पोती भुंगा लागून गेली. पुढे नवा माल लागत राहिला, मागचा तसाच राहिला. हमालांस दोष देऊन आम्ही मोकळे झालो होतो. पुतण्याने मात्र प्रत्येक थप्पीवर पाटी लावली : माल, आवक तारीख, पोती. आधी आलेले आधी निघावे, एवढाच नियम. दिवाणजी पहिले दोन महिने कुरकुरत होते. पुढे तेच पाटी पुसू देईनात.

२०१७ साली संशोधक त्या गिरण्यांत पुन्हा गेले, तेव्हा शिकविलेल्यांपैकी सुमारे निम्म्या रीती सुटलेल्या आढळल्या. व्यवस्थापक बदलला किंवा मालकास वेळ उरला नाही, की रीत सुटे. तरीही न शिकविलेल्या कारखान्यांहून या गिरण्या पुढेच होत्या.

आमचे दिवाणजी गेल्या दिवाळीनंतर गावी गेले. तीन आठवड्यांनी आम्ही वखारीत शिरलो, तर तुरीच्या थप्पीवरील पाटीवर जुनीच तारीख होती. खडू मागवून ती आम्ही स्वतः लिहिली, आणि नव्या मुलास शेजारी उभे केले.