दोन डोळ्यांची जोडी

मुलांनो, एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. दोरा नेढ्याजवळ जातो आणि पुनःपुन्हा हुकतो. दुसरा डोळा उघडताच तेच काम सोपे होते. असे का व्हावे? आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित निरनिराळ्या बाजूंनी पाहतात. मेंदू त्या दोन चित्रांचे एक चित्र करतो आणि त्यामुळेच वस्तू किती जवळ वा दूर आहे, हे आपणांस अचूक कळते.

यासाठी दोन्ही डोळे एकाच लक्ष्याकडे वळले पाहिजेत. प्रत्येक नेत्रगोलास सहा स्नायू जोडलेले असतात. त्यांपैकी नाकाकडील स्नायू डोळा आत ओढतो, तर कानाकडील स्नायू तो बाहेर ओढतो. गाडीवान जसा कासरे सांभाळून बैलांस वाटेवर ठेवतो, तसा मेंदू या स्नायूंच्या योगे डोळ्यांस सरळ ठेवतो.

कित्येक मुलांच्या बाबतीत हा तोल बिघडतो आणि एक डोळा बाहेरच्या बाजूस सरकतो. प्रारंभी तो नेहमीच सरकतो असे नाही. मूल थकले असता किंवा दूर पाहत असता तो भरकटतो आणि पुन्हा जागेवर येतो. प्रखर उन्हात अशी मुले पुष्कळदा एक डोळा मिटून घेतात. दोन चित्रे जुळेनाशी झाली, म्हणजे मेंदू भरकटलेल्या डोळ्याच्या चित्राकडे दुर्लक्ष करू लागतो. ही सवय जडली, तर दोन डोळे असूनही मूल एकाच डोळ्याने पाहू लागते.

नेत्रतज्ज्ञ प्रथम चष्मा देतात किंवा चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी बांधण्यास सांगतात. तेवढ्याने भागले नाही, तर शस्त्रक्रिया करतात. त्या वेळी मुलास भूल दिलेली असते. डोळा खोबणीबाहेर काढावा लागत नाही. बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणास लहानशी चीर देऊन स्नायूपर्यंत पोहोचतात. कानाकडील स्नायू सोडवून काही मिलिमीटर मागे शिवला, म्हणजे त्याची ओढ कमी होते. नाकाकडील स्नायू थोडा कापून आखूड केला, म्हणजे त्याची ओढ वाढते. नेत्रगोलाचा व्यास सुमारे २४ मिलिमीटर असतो. म्हणून येथे एकेका मिलिमीटरचा हिशेब ठेवावा लागतो. मूल बहुधा त्याच दिवशी घरी जाते. डोळा काही दिवस लाल राहतो आणि टाके आपोआप विरघळतात. काही मुलांचा डोळा कालांतराने पुन्हा सरकतो व दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

या विद्येचा आरंभ १८३९ साली बर्लिन येथे झाला. योहान फ्रीडरिख डीफेनबाख या शस्त्रवैद्याने एका सात वर्षांच्या मुलाचा आत वळलेला डोळा स्नायू कापून सरळ केला. भूल देण्याची रीत तेव्हा प्रचारात आली नव्हती! त्या बालकाच्या धैर्याची कल्पनाच केलेली बरी.

तिरळेपणा हे शुभलक्षण नव्हे, अशुभही नव्हे. तो स्नायूंच्या व मेंदूच्या मेळातील दोष आहे. त्याची थट्टा झाली, की मूल मान खाली घालते आणि दोष लपवू लागते. उपचाराचा अमूल्य काळ मात्र निघून जातो. तुमच्या सोबत्याचा डोळा भरकटताना दिसला, तर हसू नका. त्याच्या वडीलधाऱ्यांस सांगा. तुमच्या एका शब्दाने त्याच्या दोन डोळ्यांची जोडी अभंग राहू शकेल.