‘राऊंड’ : एक शब्द, अनेक प्रतिशब्द

इंग्रजी ‘राऊंड’ या शब्दाचा अर्थ विचारल्यास बहुतेकजण ‘गोल’ असे उत्तर देतील. कुरखेड्याच्या वनकार्यालयात मात्र हे उत्तर अपुरे पडते. तेथील ‘राऊंड ऑफिसर’ म्हणजे जंगलाच्या एका ठरावीक क्षेत्राची जबाबदारी असलेला वनपाल होय. असे का होते, ते या घटकात पाहू.

१. तीन मूळ अर्थ

हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘रोटा’ म्हणजे चाक आहे. संस्कृतातील ‘रथ’ हा शब्द त्याच कुळातला. चाकाला आकार असतो, ते फिरते आणि फेरा पूर्ण करते. ‘राऊंड’चे प्रमुख अर्थ या तीन गोष्टींशी जोडता येतात.

(अ) आकार : न चिरलेला ओंडका म्हणजे ‘गोल लाकूड’.
(आ) गती : मतमोजणीची किंवा स्पर्धेची ‘फेरी’, पहारेकऱ्याची ‘गस्त’.
(इ) पूर्णता : ४,९८७ ऐवजी ५,००० ही ‘पूर्णांकित’ रक्कम.

इंग्रजीत एका शब्दाने भागते; मराठीत प्रत्येक अर्थासाठी वेगळा शब्द योजावा लागतो. वनखात्यातील ‘राऊंड’ दुसऱ्या अर्थाजवळचा आहे : देखरेखीसाठी जेवढे फिरावयाचे, तेवढे क्षेत्र.

२. प्रतिशब्द आणि व्यवहार

वनप्रशासनात ‘बीट’ला नियतक्षेत्र म्हणतात. अशा काही नियतक्षेत्रांचा मिळून एक ‘राऊंड’ होतो. त्याच्या प्रमुखास मराठीत ‘क्षेत्र सहाय्यक’ म्हणतात. त्यावर कुरखेडा वनपरिक्षेत्र, त्यावर वडसा वनविभाग आणि त्यावर गडचिरोली वनवृत्त. ‘वनवृत्त’ हा ‘सर्कल’चा प्रतिशब्द आहे. कोशात ‘वृत्त’ आणि ‘वर्तुळ’ समानार्थी असल्याने ‘राऊंड’साठी कोणी ‘वर्तुळ’ लिहिले, तर सर्वांत वरची आणि खालून दुसरी पायरी यांतील भेदच पुसला जातो. शिवाय महसूल खात्यातील ‘सर्कल’ला ‘मंडळ’ म्हणतात आणि ते तालुक्याहून लहान असते.

हा केवळ कोशाचा प्रश्न नाही. २०२१ पासून जिल्ह्यात वावरणाऱ्या रानटी हत्तींनी एखाद्याचे धान तुडवले आणि त्याला ‘सर्कलकडे अर्ज द्या’ एवढेच सांगितले, तर त्याने मंडळ अधिकाऱ्याकडे जावे की थेट गडचिरोली गाठावी? नुकसानीच्या पंचनाम्याला विलंब होण्यास असा एक संदिग्ध शब्दही पुरतो.

३. शब्दाचा कल

शब्दशः भाषांतर कधी रुजते, तर कधी फसते. लंडन येथे १९३० ते १९३२ या काळात तीन सत्रांत झालेली परिषद मराठीत ‘गोलमेज परिषद’ म्हणून स्थिरावली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिन्ही सत्रांस उपस्थित होते. गोल मेजाला अग्रस्थान नसते, हा त्यातील आशय मराठीतही टिकला. याउलट इंग्रजीत ‘राऊंडली’ बोलणे म्हणजे रोखठोक बोलणे. मराठीत ‘गोलगोल’ बोलणे म्हणजे उत्तर टाळणे. येथे आकार एकच, पण अर्थ नेमका उलट.

सारांश, प्रतिशब्द शब्दाला नव्हे, तर त्या वाक्यातील कार्याला द्यावयाचा असतो. तो वाचणाऱ्याला योग्य दारापर्यंत नेतो की नाही, हीच त्याची कसोटी.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

आपल्या परिसरातील कार्यालयांत रूढ असलेले दोन इंग्रजी शब्द निवडा. त्यांचे प्रत्येकी तीन अर्थ सांगून योग्य मराठी प्रतिशब्द सकारण लिहा.