द.सा.द.शे. म्हणजे काय?

मिरग आला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कास्तकाराला पैसा लागतो. बी घ्यायचे, खत घ्यायचे, निंदणाची मजुरी द्यायची. कापूस मात्र घरात येतो दिवाळीच्या सुमारास. मधल्या काळात कर्ज काढावे लागते. कर्जाच्या कागदावर पुष्कळदा चार अक्षरे असतात : द.सा.द.शे. ही अक्षरे तुम्हाला आता वाचता येतात. त्यांचा अर्थही समजून घ्या.

द.सा. म्हणजे दर साल. द.शे. म्हणजे दर शेकडा. शंभर रुपये वर्षभर वापरले तर व्याज किती, ते यावरून कळते. द.सा.द.शे. 12 म्हणजे शंभर रुपयांना वर्षाचे 12 रुपये व्याज. यालाच बारा टक्के म्हणतात. बँक आणि सोसायटी व्याज असे सालावर सांगतात.

गावात मात्र व्याज महिन्यावर बोलतात. "शेकडा तीन" म्हणजे शंभराला महिन्याचे तीन रुपये. याला द.म.द.शे., म्हणजे दर महा दर शेकडा, असे लिहितात. ऐकताना तीन हा आकडा बारापेक्षा लहान वाटतो. पण हिशेब मांडून पाहा.

कर्ज 10,000 रुपये. मुदत सहा महिने.
सालाचे शेकडा 12 : व्याज 600 रुपये.
महिन्याचे शेकडा 3 : व्याज 1,800 रुपये.

तिप्पट झाले! महिन्याचा दर बाराने गुणा, म्हणजे सालाचा दर निघतो. बारा त्रिक छत्तीस. "शेकडा तीन" म्हणजे सालाचे छत्तीस टक्के.

सवाई-दिढीत तर शेकडा हा शब्दच नसतो. पेरणीला 1,000 रुपये घेतले, तर पीक आल्यावर सवाईत 1,250 आणि दिढीत 1,500 द्यायचे. सहा महिन्यांची दिढी म्हणजे सालाला शंभर टक्के व्याज!

यासाठी 2014 साली महाराष्ट्रात सावकारीचा नवा कायदा झाला. परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे. त्याच साली शासनाने शेतकऱ्यासाठी सावकारी व्याजाची हद्द ठरवली : तारण असेल तर सालाचे शेकडा 9, नसेल तर 12. शिवाय मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. जास्त मागितले तर तालुक्याच्या गावी सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे अर्ज करता येतो.

म्हणून सही करण्याआधी दोन गोष्टी पाहाच. व्याज सालाचे की महिन्याचे? आणि कागद कर्जाचा की खरेदीखताचा? खरेदीखतावर सही केली, तर कागदोपत्री तुम्ही जमीन विकली असे होते. मग ती परत मिळवायला खेटे घालावे लागतात.

आता तुम्ही हिशेब करा. 5,000 रुपये, द.म.द.शे. 2, मुदत आठ महिने. व्याज किती? सालाचा दर किती?

(उत्तर : व्याज 800 रुपये. सालाचे शेकडा 24.)