जास्त चुका नोंदवणारा वॉर्ड चांगला कसा? नेतृत्वावरचं एक उलटं निघालेलं संशोधन



पीएचडीची तयारी म्हटली की डोक्यात पेट, नेट, सिनॉप्सिस आणि 'गाईड कोण मिळणार' एवढंच असतं. नेतृत्व हा विषय आपण एमबीएवाल्यांना देऊन टाकलेला असतो. फार तर एसओपीमध्ये 'कॉलेजच्या सायन्स असोसिएशनचा सेक्रेटरी होतो' असं एक वाक्य घालतो आणि मोकळे होतो.

पण रिसर्चला लागल्यावर वर्ष-दोन वर्षांत तुमच्या हाताखाली कुणीतरी येतंच. एमएस्सी प्रोजेक्टची दोन मुलं येतात, एखादा नवा जेआरएफ येतो, कधी उन्हाळ्यात इंटर्न येतात. गाईड म्हणतात, "यांना जरा शिकव." तुम्हाला ना पद मिळतं ना पगारात काही वाढ होते, पण त्या मुलांनी घेतलेली रीडिंग्ज उद्या तुमच्या थिसिसमध्ये जाणार असतात. त्यातलं एखादं चुकलं आणि ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, तर? नेतृत्वाचा प्रश्न आपल्यासाठी इथे सुरू होतो. भाषण कसं करावं, 'व्हिजन' कशी मांडावी वगैरे नंतरच्या गोष्टी. माझ्या मते पहिली गोष्ट एकच आहे: वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर पोचते? यावर ज्या अभ्यासाने सगळ्यात जास्त प्रकाश टाकला, तो एका पीएचडीच्या विद्यार्थिनीनेच केला होता. म्हणून आज तोच नीट समजून घेऊया.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एमी एडमंडसन हार्वर्डमध्ये पीएचडी करत होत्या. तिथे रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांवर एक मोठा वैद्यकीय अभ्यास चालू होता. चुकीचा डोस, चुकीची वेळ, चुकीचं औषध अशा चुका प्रशिक्षित माणसं वॉर्डांत फिरून, केसपेपर तपासून आणि स्टाफशी बोलून नोंदवत होती. त्या प्रकल्पात एडमंडसन यांचा भाग होता टीमचा. प्रश्न साधा होता: ज्या वॉर्डची टीम चांगली, तिथे चुका कमी होतात का?

गृहीतकही साधंच. चांगली टीम, कमी चुका. दोन रुग्णालयांतले आठ वॉर्ड घेतले, स्टाफकडून प्रश्नावली भरून घेतली. आपसातले संबंध कसे आहेत, प्रमुख नर्स कशी वागते वगैरे. मग हे आकडे चुकांच्या आकड्यांशी ताडून पाहिले. सहसंबंध सापडला, पण उलट्या बाजूचा! जिथली टीम चांगली, जिथली प्रमुख चांगली, तिथे चुका जास्त.

इथे थांबून विचार करा, तुम्ही काय केलं असतं? आकडे पुन्हा तपासले असते, ते ठीकच. पण नंतर? 'रिझल्ट आला नाही' म्हणून फाईल बाजूला ठेवण्याचा मोह किती होतो, ते पुढे तुम्हाला कळेलच. एडमंडसन यांनी वेगळा प्रश्न विचारला: आपण नेमकं मोजतोय काय?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, 'अ' वॉर्डमध्ये महिन्याला २० चुका होतात आणि त्यातल्या १५ उघडपणे बोलल्या जातात. 'ब' वॉर्डमध्ये ३० होतात, पण बाहेर येतात फक्त ६. संशोधकाच्या तक्त्यात काय दिसेल? 'अ'मध्ये १५, 'ब'मध्ये ६. म्हणजे 'ब' वॉर्ड उत्तम! प्रत्यक्षात मात्र रुग्णाला 'अ' वॉर्डमध्ये ठेवणं जास्त शहाणपणाचं. तक्त्यातला आकडा 'झालेल्या चुकां'चा नसतो. तो 'झालेल्या आणि सापडलेल्या चुकां'चा असतो. आपल्या कुठल्याही विषयात, डिटेक्टरची एफिशियन्सी लक्षात न घेता काउंट्स वाचले तर जी गडबड होते, तीच ही. फरक एवढाच की इथे डिटेक्टर माणसं आहेत, आणि ती किती संवेदनशील राहतील हे बरंचसं त्यांच्या प्रमुखावर ठरतं.

पण हा अंदाज झाला. तो तपासायला हवा. त्यासाठी एका वेगळ्या संशोधकाला वॉर्डांत पाठवलं. कुठल्या वॉर्डमध्ये किती चुका निघाल्या हे त्याला सांगितलं नव्हतं, आणि नवा अंदाजही सांगितला नव्हता. त्याने फक्त बघायचं आणि मुलाखती घ्यायच्या. (ब्लाइंडिंग आपण औषधांच्या चाचण्यांत शिकतो; माणसांच्या निरीक्षणातही ते तितकंच लागतं, बरं का.) त्याला दिसलं की काही वॉर्डांत चुकांबद्दल मोकळेपणाने बोललं जातं आणि काही वॉर्डांत चूक करणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटतं. मोकळेपणाचा हा क्रम आणि नोंदलेल्या चुकांचा क्रम बराच जुळला. १९९६ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

आठ वॉर्ड म्हणजे नमुना अगदी छोटा, हे मान्य. पण पुढे १९९९ मध्ये एडमंडसन यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीम्सचा अभ्यास केला आणि या गोष्टीला मोजता येईल असं रूप दिलं: सायकॉलॉजिकल सेफ्टी, म्हणजे मानसिक सुरक्षितता. हा शब्द त्याआधीही वापरात होता, पण टीमच्या पातळीवर तो मोजून शिकण्याशी जोडला तो इथे. व्याख्या आपल्या भाषेत सांगायची तर: 'या टीममध्ये मी प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वेगळं मत मांडलं तर माझा पाणउतारा होणार नाही, असा सगळ्यांना असलेला भरवसा.' पुढे गूगलने आपल्या सुमारे १८० टीम्स तपासल्या तेव्हा चांगल्या टीम्समधला सगळ्यात ठळक घटक म्हणून हाच पुढे आला.

लोक गप्प का बसतात, याचं उत्तर तसं आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बोललो तर तोटा आत्ता आणि माझा. गप्प बसलो तर तोटा नंतर आणि सगळ्यांचा. हिशोब गप्प बसण्याच्याच बाजूने जातो. आणि हा हिशोब जीव जात असतानाही बदलत नाही, हे विमानवाल्यांनी फार मोठी किंमत मोजून शिकलं. २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं एक डीसी-८ विमान कोसळलं. चाकांमध्ये बिघाड वाटला म्हणून कॅप्टन जवळपास तासभर विमान घिरट्या घालत ठेवून त्यातच गुंतला होता. दरम्यान इंधन संपत आलं. कॉकपिटमधल्या बाकीच्यांना ते दिसत होतं, ते बोललेही, पण जितकं ठासून सांगायला हवं होतं तितकं नाही. १८९ जणांपैकी १० गेले. १९७९ मध्ये नासाने या प्रकारच्या अपघातांवर कार्यशाळा घेतली आणि त्यातून कॉकपिटमधलं प्रशिक्षणच बदललं. ज्युनिअरने कसं ठामपणे बोलावं हे त्यात होतंच, पण कॅप्टनने कसं ऐकावं हेही शिकवायला लागले. म्हणजे 'ऐकून घेणं' हा स्वभावाचा भाग न मानता सरावाने येणारं कौशल्य मानलं गेलं. आपल्यासाठी ही फार दिलासा देणारी गोष्ट आहे, कारण स्वभाव बदलत नाही, सराव करता येतो.

आता नेमका सराव कशाचा? इथे मला एडमंडसन आणि सहकाऱ्यांचाच आणखी एक अभ्यास आवडतो. छाती पूर्ण न उघडता, छोट्या छेदातून हृदयाची शस्त्रक्रिया करण्याचं नवं तंत्र १६ रुग्णालयं शिकत होती. जुन्या पद्धतीत सर्जनला सगळं समोर दिसायचं. नव्यात दिसत नव्हतं. भूल देणारे डॉक्टर, हार्ट-लंग मशीन चालवणारे, नर्स यांनी सतत तोंडाने माहिती पुरवली तरच काम होणार. म्हणजे जी माणसं वर्षानुवर्षं ओटीत गप्प राहायला शिकली होती, त्यांनी आता बोलायचं होतं. कुठलं रुग्णालय हे लवकर शिकलं? सर्जन किती ज्येष्ठ, रुग्णालय किती नावाजलेलं, यावरून ते ठरलं नाही. ज्या सर्जनने 'हे आपण सगळे मिळून शिकतोय, मला तुमच्या डोळ्यांची गरज आहे' अशी मांडणी केली, तिथे जमलं. ज्यांनी 'मी नवं तंत्र आणलंय, तुम्ही तुमचं काम करा' असा सूर लावला, तिथे अडकलं.

लॅबमध्ये याचं रूपांतर करून बघा. नव्या मुलाला प्रोटोकॉलचा कागद देऊन "हे असंच करायचं" म्हणालात, तर त्याच्याकडून प्रयोग फसला की तो मान खाली घालणार. त्याऐवजी "हा प्रोटोकॉल आपल्याकडे दहातल्या तीन वेळा फसतो, कुठे फसतो ते मलाही पक्कं माहीत नाही, तुला काही विचित्र दिसलं तर लगेच सांग" असं म्हणालात, तर फसणं हीसुद्धा माहिती होते. दोन्ही वाक्यांना वेळ सारखाच लागतो. (दुसरं वाक्य खरं असेल तरच म्हणा, हे वेगळं सांगायला नको.)

प्रश्न कसा विचारता यावरही खूप ठरतं. "काही प्रॉब्लेम नाही ना?" याला आपल्याकडे एकच उत्तर आहे: "नाही दादा." ते उत्तर प्रश्नातच लिहिलेलं असतं. "या आठवड्यातल्या कुठल्या रीडिंगवर तुझा स्वतःचा विश्वास बसत नाहीये?" असं विचारलं की मुलाला काहीतरी शोधून सांगावं लागतं. मीटिंगमध्ये सगळ्यात ज्युनिअरला आधी बोलू द्या. सर एकदा बोलले की नंतरच्यांची मतं सरांच्या मताच्या आसपासच फिरतात. आणि भाषा! मराठी माध्यमातून आलेली कितीतरी मुलं ग्रुप मीटिंगमध्ये गप्प असतात ती विषय येत नाही म्हणून नव्हे, तर इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते म्हणून. "मराठीत सांग, स्लाईड नंतर करू" हे एक वाक्य मी तरी नेतृत्वाच्या कुठल्याही वर्कशॉपपेक्षा वरचं मानतो.

सगळ्यात अवघड मात्र पहिले दहा सेकंद. समजा, ज्युनिअर येऊन म्हणाला, "काल रात्री फ्रीझरचं दार नीट लागलं नव्हतं." तुमचे तीन महिन्यांचे सॅम्पल आत होते. राग येणार, यायलाच हवा. पण त्या दहा सेकंदांत तुम्ही जे बोलाल त्यावर पुढच्या वेळी तो सांगेल की दार गुपचूप लावून निघून जाईल, हे ठरणार. आधी "सांगितलंस ते बरं केलंस, किती वाजता लक्षात आलं?" एवढंच विचारा. काय वाचतंय ते बघा. असं परत होऊ नये म्हणून काय करायचं हे बोलणं दुसऱ्या दिवशी, आणि ते बोलणं टाळायचं नाही.

कारण एक गैरसमज इथे हमखास होतो. मानसिक सुरक्षितता म्हणजे गोड बोलणं, सगळं चालवून घेणं नव्हे. कामाची अपेक्षा उंचच ठेवायची. डेटा बनवला किंवा सुरक्षेचे नियम जाणूनबुजून मोडले, तर ती 'चूक' या सदरात बसत नाही आणि तिथे कडकच वागावं लागतं.

"हे सगळं अमेरिकेत ठीक, आपल्याकडे मोठ्यांसमोर कोण बोलतं?" हा आक्षेप मला रास्त वाटतो. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी नेमका हाच प्रश्न घेऊन १९८० मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आपल्याकडे नेता एकदम 'बरोबरीचा' झाला तर लोक गोंधळतात. माया लावणारा पण कामात सूट न देणारा वडीलधारा लोकांना आधी जवळचा वाटतो, आणि तिथून हळूहळू सहभागाकडे जाता येतं. म्हणजे ज्युनिअर तुम्हाला 'दादा' किंवा 'ताई' म्हणतो त्यात बिघडत काहीच नाही. फक्त दादाला वाईट बातमी सांगता येते की दादापासून ती लपवावी लागते, एवढं बघायचं.

आता तुमच्यापैकी जे अजून लॅब निवडताहेत त्यांच्यासाठी. गाईडचे पेपर, सायटेशन, फंडिंग हे सगळं बघाच. पण जॉइन होण्याआधी एकदा तिथे जाऊन, सर किंवा मॅडम नसताना, तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याबरोबर चहा घ्या आणि विचारा: "तुमचा शेवटचा फसलेला प्रयोग कुठला, आणि तो गाईडना कधी सांगितलात?" 'त्याच दिवशी' आणि 'पेपर लिहायची वेळ आली तेव्हा' या दोन उत्तरांमध्ये तुमची पुढची पाच वर्षं आहेत. उत्तर देण्याआधी तो दाराकडे बघतो का, तेही बघा.